गच्चीवरच्या जेवणासाठी मेक्सिकन स्टाईल कॉर्न पास्ता सॅलड
मे महिन्यात आमच्या सांगलीत पाहुणे जमले की गरम काही नकोच वाटतं, तेव्हा हे नक्की करून बघा. मेक्सिकोत गाड्यांवर एस्कीतेस मिळतं, म्हणजे मक्याचे दाणे, मेयोनीज, लिंबू, तिखट आणि वरून कोतिहा नावाचं खारट चीज, त्यातच आपण पास्ता घालायचा.

स्वीट कॉर्नची ४ कणसं उकडू नका हं, थेट गॅसवर काळे डाग पडेपर्यंत भाजा आणि मग सुरीनं दाणे काढा, खरी चव त्या डागांतच असते. २५० ग्रॅम पास्ता नेहमीपेक्षा एखादं मिनिट जास्त शिजवा कारण गार झाला की तो कडक होतो, मग गार पाण्यानं धुवून पूर्ण निथळू द्या. ड्रेसिंगला अर्धी वाटी मेयो आणि अर्धी वाटी चक्का, नुसतं मेयो फार जड होतं. कोतिहाच्या जागी पनीर कुस्करून मीठ लावून ठेवा. लिंबू, लाल तिखट, कांदा, कोथिंबीर आपल्या अंदाजानं.

पास्ता ड्रेसिंग शोषून घेतो म्हणून थोडं बाजूला ठेवून वाढतानाच घाला, आणि पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा, उन्हात मेयो लगेच बिघडतं.