कॉलेजच्या लॅक्रॉससाठी मुलीची तयारी: आधी थांबायला शिकवा

मी न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात मुलींच्या लॅक्रॉस (जाळी लावलेल्या स्टिकनं चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ) संघाची स्ट्रेंथ कोच आहे, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दम वाढवून घेणारी. इथल्या मराठी घरांतून उन्हाळा लागला की हमखास विचारणा होते, "पोरगी संघात आलीय, फॉल (उन्हाळ्यानंतरचं कॉलेजचं सत्र) सुरू होईपर्यंत तिच्याकडून काय करून घेऊ?" आणि बहुतेक बाबांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: रोज पाच किलोमीटर पळायचं. पळू द्या, बिघडत काही नाही. पण तेवढ्यावर सामना निभत नाही.

सामना असतो 15 मिनिटांच्या चार क्वार्टरचा. मैदान साधारण 100 मीटर लांब. चेंडू ताब्यात आला की 90 सेकंदांत गोलवर शॉट घ्यावाच लागतो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, हे शॉट क्लॉक 2017 ला आलं. त्यात पूर्वी शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, तेवढाच दम खाता यायचा. 2018 ला तो नियमही गेला. आता शिट्टीनंतरही खेळाडू हलत राहतात, त्यामुळे दम खायला आयती जागा उरलेली नाही.

यातही सगळ्यात जास्त ओढाताण मिडफिल्डरची. गोलपासून 30 यार्डांवर एक रेष असते, तिच्यापुढे हल्ल्यात सातच जणी जाऊ शकतात. म्हणून साधारणपणे चार अटॅकर पुढे थांबतात, चार डिफेंडर मागे, आणि तिघी मिडफिल्डर दोन्ही टोकांना धावतात. तुमची मुलगी कुठे खेळते ते आधी विचारा. डिफेंडरला उलटं आणि आडवं पळण्याचा सराव हवा. गोलकीपरला लांब पळवण्यात अर्थ नाही, तिला दोन-तीन पावलांची झेप हवी.

मात्र थांबणं सगळ्यांनाच शिकावं लागतं. मी सांगलीला शाळेत खो-खो खेळले. खांबाला वळसा घालताना गुडघ्यावर जो भार येतो, तसाच इथे डॉज करताना, म्हणजे समोरच्या खेळाडूला चकवताना, येतो, फक्त हातात स्टिक असते आणि खांबाऐवजी समोर डिफेंडर. एसीएल (गुडघ्याच्या आतला, त्याला स्थिर ठेवणारा लिगामेंट) मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतं, आणि बरेचदा कुणाचा धक्का न लागता, अशाच थांबण्या-वळण्यात.

घराजवळच्या मैदानावर हे करून बघा. दहा मीटरवर कोन (खुणेचा प्लास्टिकचा शंकू) ठेवा. मुलीला पूर्ण वेगात पळू द्या आणि कोनपाशी दोन-तीन पावलांत थांबायला सांगा. तुम्ही समोर उभे राहून फक्त गुडघे पाहा. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकतोय? पाऊल धप्पकन आपटतंय? कंबर ताठ राहून छातीच पुढे पडतेय? यातलं काही दिसलं तर वेग निम्मा करा आणि कंबर खाली घेऊन, छोट्या पावलांनी, आवाज न करता थांबायला लावा. नीट जमेपर्यंत वेग वाढवू नका. मग तेच डाव्या-उजव्या वळणासह, आणि शेवटी दोन्ही हातांत स्टिक धरून. स्टिक हातात आली की हात मोकळे हलत नाहीत आणि तोल बदलतो, म्हणून सगळा सराव रिकाम्या हातांनी करून चालत नाही.

दमासाठी घड्याळ 90 सेकंदांचं लावा. तेवढ्या वेळात स्प्रिंट, शफल (आडव्या पावलांनी सरकणं), उलटं पळणं, वाकून चेंडू उचलणं, सगळं मिसळून. मग दीड-दोन मिनिटं चालणं. सुरुवातीला चार फेऱ्या पुरेत. आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी नाही.

जिममध्ये एका पायावरचे स्क्वॉट, रोमेनियन डेडलिफ्ट (हातात वजन घेऊन कमरेतून वाकून उठणं), नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना धड हळूहळू पुढे सोडणं) आणि साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग तोलणं) एवढं मनापासून केलं तरी खूप झालं. शॉट मारताना धड एकाच बाजूला फिरत राहतं, त्यामुळे फिरण्याचे व्यायाम दोन्ही बाजूंनी घ्या.

आता खाणं. इथे मला आयांशी मोकळेपणानं बोलायचंय. हंगामात आठवड्याला 20 तासांपर्यंत सराव आणि सामने असतात. एवढ्या कष्टाला सकाळी नुसता चहा आणि टोस्ट पुरणार नाही. वरण-भात, उसळ, अंडी, दही, शेंगदाण्याचा लाडू, जे घरात चालतं ते, पण पोटभर, आणि सराव संपल्यावर लगेच काहीतरी. सरावाच्या किंवा सामन्याच्या दिवशी उपवास नको. शाकाहारी मुलीचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कॉलेजला जाण्याआधी तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर "खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडांना स्ट्रेस फ्रॅक्चरचा (सततच्या ताणानं हाडाला जाणारी बारीक चीर) धोका वाढतो. दोन-तीन महिने पाळी आली नाही तर तिला डॉक्टरकडे न्या, आणि टीमच्या ट्रेनरलाही (खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत पाहणारी व्यक्ती) कळवायला सांगा.