हायड्रॉलिक शॉव्हेलचं ताशी उत्पादन कसं वाढवायचं

हायड्रॉलिक शॉव्हेल म्हणजे खाणीत बकेटनं माल खोदून डंपरमध्ये भरणारं यंत्र. आधी स्टॉपवॉच घ्या आणि खोदणं, भरून फिरणं, ओतणं, परत येणं हे चारही टप्पे वेगवेगळे मोजा. चारही मिळून एक सायकल, म्हणजे एक फेरी. ती 30 सेकंदांची असेल तर तासाला 120 बकेट. 27 वर आणली की 133.

खोदण्यातच वेळ जात असेल तर लगेच ऑपरेटरला बोल लावू नका, ब्लास्टिंग (स्फोटानं खडक फोडणं) नीट झालंय का तपासा. मोठे दगड आले की बकेट नीट भरत नाही. बकेटचे दातही पाहा, बोथट दात मालात शिरत नाहीत, डिझेल मात्र जळतं.

डंपर शक्यतो असा उभा करा की शॉव्हेलला 90 अंशांहून कमी फिरावं लागेल. 4-5 बकेटांत भरला तर शॉव्हेल-डंपरची जोडी जमली. डंपरची वाट पाहण्याचा वेळ वेगळा नोंदवा, सायकलमध्ये मिसळू नका.