पीएचपी आणि एचटीएमएल एकत्र, पान मंद: दोष कुठे निघाला

लक्षण: कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानाच्या साइटवर 300 वाणांची यादी. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकारापासून सगळे वाण एकाच पानावर. साधं पान लगेच उघडायचं, यादीचं पान मात्र रखडायचं.

आधी एचटीएमएलमध्ये (पानाची मांडणी) पेरलेले पीएचपी टॅग (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या खुणा) काढून सगळं एकाच इकोत, म्हणजे मजकूर छापणाऱ्या आज्ञेत, कोंबलं. फरक शून्य, दुपार वाया. कारण टॅगबाहेरचं एचटीएमएलही कंपाइल होताना इकोसारखीच सूचना बनतं. ओपीकॅश (कंपाइल झालेला कोड साठवून ठेवणारी पीएचपीची सोय) चालू केल्यावर फाइल दरवेळी कंपाइल होणं थांबलं, पण रखडणं तसंच.

मग मायक्रोटाइम(ट्रू), म्हणजे त्या क्षणाची वेळ देणारा कॉल, यादी छापणाऱ्या लूपच्या आधी आणि नंतर लावला. वेळ तिथंच जात होता. टेबलाच्या ओळीमध्येच, टीडीच्या (टेबलाच्या चौकटीच्या) आत, त्या वाणाची मापं डेटाबेसमधून आणणारी क्वेरी लपली होती. म्हणजे यादीची 1 अधिक दर वाणाला एक अशा 300, एकूण 301 क्वेरी. मार्कअपच्या गर्दीत ती दिसतच नाही. सरमिसळीचा खरा तोटा हाच.

उपाय, याच क्रमाने: वाणांची क्वेरी फाइलच्या अगदी वर घेतली. सगळे आयडी गोळा करून मापं एकाच 'इन' क्वेरीत (आयडींची यादी एकदम देणारी क्वेरी) आणली. आयडीची यादी रिकामी असेल तर ही क्वेरी टाळायची, नाहीतर मायएसक्यूएल हा डेटाबेस सिंटॅक्स एरर देतो. मापं वाण-आयडीनुसार अ‍ॅरेत लावली. डेटाबेसमधल्या मापांच्या टेबलात वाण-आयडीवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकला. खाली फक्त फॉरईच (यादीवरून फिरणारा लूप) आणि एचटीएमएलस्पेशलकॅर्स (खास चिन्हं सुरक्षितपणे छापणारं फंक्शन).

301 च्या जागी 2 क्वेरी. टॅगची सरमिसळ थोडी अजून आहे, ती राहू दिली.