करंगळीमागचं हाड मोडलं आणि स्क्रू सांगितला, तर काय बघायचं आणि पाय कसा जपायचा

नवरात्रात रात्री उशिरा पाय मुरगळतो, घरी येऊन बर्फ लावला जातो, सकाळी सुजलेल्या पायावर हळद-तुरटीचा लेप चढतो आणि आठवडाभर ‘मुकामार आहे, उतरेल’ म्हणून चालढकल होते. बडोद्यात गरबा अनवाणी खेळतात. पाय बाहेरच्या कडेवर कलंडला तर जोर ज्या हाडावर येतो ते पायाच्या करंगळीमागचं लांब हाड, म्हणजे पाचवं मेटाटार्सल. हे हाड एकाच टोकाजवळ तीन निरनिराळ्या जागी मोडतं. त्यांच्यात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचंच अंतर असतं, पण एका जागी नुसता कडक बूट पुरतो आणि दुसऱ्या जागी हाडाच्या आतून स्क्रू घालावा लागू शकतो. म्हणून ‘हाड मोडलंय’ एवढ्यावर थांबू नका, नेमकं कुठे मोडलंय ते विचारा.

एक्स-रे काढायचा की नाही

पायाच्या बाहेरच्या कडेवरून करंगळीपासून टाचेकडे बोट फिरवत या. साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथे दाबल्यावर कळ आली, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं नावेच्या आकाराचं हाड दुखत असेल तरीही हाच नियम. फोटो घोट्याचा नव्हे, पायाचा काढून घ्या आणि तो तीन बाजूंनी हवा: वरून, तिरका आणि बाजूने. ही भेग तिरक्या फोटोत सर्वांत स्पष्ट दिसते, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.

मुलांच्या फोटोत फसगत होऊ शकते. साधारण आठ ते चौदा वर्षांच्या वयात त्या उंचवट्यावर वाढीची रेघ असते. ती हाडाच्या लांबीच्या दिशेने जाते, मोडलेल्या हाडाची भेग बहुधा आडवी असते. शंका वाटली तर दुसऱ्या पायाचा फोटो काढून ताडून बघतात.

तीन जागा

पहिली जागा म्हणजे उंचवट्याचं अगदी टोक. पाय आत वळला की तिथे चिकटलेले स्नायू आणि पट्टे हाडाचा तुकडा ओढून काढतात. सर्वाधिक दिसतं ते हेच, आणि हे बहुधा ऑपरेशनशिवाय बरं होतं. कडक तळाचा बूट घालून दुखणं सोसवेल तेवढं चालायचं. चार-सहा आठवड्यांत रोजचं चालणं जमतं, थोडं दुखणं मात्र पुढेही रेंगाळतं. तुकडा दोन-तीन मिलिमीटरहून जास्त सरकला असेल किंवा सांध्याचा मोठा भाग त्याच्याबरोबर निघाला असेल, तरच इथे स्क्रूचा विचार करतात.

दुसरी जागा त्याच्या किंचित पुढे, चौथं आणि पाचवं मेटाटार्सल जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्याच्या पातळीवर. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स या सर्जनचा स्वतःचा पाय नाचताना असाच मोडला होता आणि त्यांनी 1902 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. इथली खरी अडचण रक्तपुरवठ्याची. हाडाच्या टोकाला एकीकडून रक्त मिळतं, दांड्याला, म्हणजे हाडाच्या मधल्या लांब भागाला, दुसरीकडून, आणि दोघांच्या मधला हा पट्टा कोरडा राहतो. त्यामुळे हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही.

तिसरी जागा आणखी पुढे, दांड्यावर. हे एका झटक्यात मोडत नाही. रोजच्या सरावाने, धावण्याने किंवा महिनाभर आधीपासूनच्या गरब्याच्या क्लासने हाड थकत जातं आणि एक दिवस भेग पडते. आधी दोन-तीन आठवडे तिथे बारीक ठणका होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. फोटोत भेगेच्या कडा पांढऱ्या, जाड दिसत असतील आणि हाडातली पोकळी बुजत आली असेल, तर दुखणं जुनं आहे. मग नुसत्या स्क्रूने भागेलच असं नाही. टाचेच्या किंवा कमरेच्या हाडातला चुरा काढून तिथे भरावा लागू शकतो.

दुसऱ्या जागेसाठी प्लास्टर हाही मार्ग आहे. मात्र सहा ते आठ आठवडे पाय अजिबात टेकवायचा नाही, आणि तरी न जुळण्याचा धोका राहतोच. ज्याला लवकर कामावर उभं राहायचंय, खेळायचंय, त्याला स्क्रू सुचवतात तो यासाठी. बैठं काम असेल आणि घाई नसेल, तर प्लास्टरचा पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्या.

स्क्रू आत काय करतो

या हाडाला आतून नळीसारखी पोकळी असते. टाचेच्या बाजूने दोनेक सेंटिमीटरचा छेद घेऊन सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र) बघत आधी एक बारीक तार त्या पोकळीत सरकवतात. तारेची सुरुवात उंचवट्याच्या टोकापासून नाही, त्याच्या वरच्या आणि आतल्या अंगाने करायची असते. तार खालून किंवा बाहेरून शिरली तर पुढे हाडाची भिंत फोडते. तारेवरून ड्रिल जातो, मग आटे पाडणारा टॅप. टॅप एकेका मापाने वाढवत नेतात. योग्य मापाचा टॅप पोकळीच्या भिंती असा पकडतो की सर्जनच्या बोटांत धरलेला हाडाचा पुढचा भाग त्याच्याबरोबर फिरू लागतो. स्क्रू त्याच मापाचा घ्यायचा.

मोठ्या माणसाला सहसा 4.5 मिलिमीटरपेक्षा बारीक स्क्रू घालत नाहीत. 5.5 किंवा 6.5 सुद्धा लागतो. बारीक स्क्रू सैल पोकळीत नुसता पडून राहतो आणि पावलागणिक वाकत वाकत एक दिवस मोडतो. लांबी बहुधा 40 ते 50 मिलिमीटरच्या आसपास असते. इथे जास्त लांब म्हणजे जास्त मजबूत असं नाही. हे हाड पुढे बाकदार आहे आणि स्क्रू सरळ. गरजेपेक्षा लांब स्क्रू हाडाला सरळ करू पाहतो, त्यामुळे भेग एका बाजूने उघडते.

अशा स्क्रूला पुढच्या टोकालाच आटे असतात, मागचा दांडा गुळगुळीत. सगळे आटे भेगेच्या पलीकडे गेले पाहिजेत. तसं झालं की स्क्रू आवळताना डोकं मागचा तुकडा पुढे दाबतं, आटे पुढचा तुकडा मागे ओढतात आणि दोन्ही घट्ट भिडतात. एखादा आटा भेगेतच अडकला तर दोन तुकड्यांमध्ये फट कायम राहते. ऑपरेशननंतरचा फोटो हातात आला की ही एक गोष्ट स्वतः बघा. नवख्या डोळ्यालाही ती दिसते.

धातू दोन प्रकारचे मिळतात, 316एल स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम. दोन्ही चालतात. स्क्रू आणि प्लेट दोन्ही लागल्या तर धातू एकच असावा, वेगळे धातू एकमेकांना टेकले की गंजू शकतात. पोकळ स्क्रू तारेवरून नेमका बसवता येतो. त्याच मापाचा भरीव स्क्रू वाकण्याला जास्त टिकतो. धावपटू आणि वजनदार माणसासाठी भरीव स्क्रूचा विचार करायला सांगायला हरकत नाही.

ऑपरेशनच्या आधी

मधुमेह असेल तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, करून घ्या. तळव्याला बधिरपणा असेल तर तेही न विसरता सांगा, कारण बधिर पायावर वजन किती पडतंय हे माणसाला कळत नाही आणि स्क्रू मोडेपर्यंत दुखत नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा. मावा, गुटखा, तंबाखूची मशेरी, सिगारेट, सगळं बंद. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि हे हाड आधीच रक्ताला पारखं आहे. ऑपरेशनपुरतं बंद ठेवून भागत नाही, हाड जुळेपर्यंत बंद. नवरात्राचे उपास चालू असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

बडोद्याच्या सरकारी सयाजी हॉस्पिटलला जा किंवा खासगी दवाखान्यात, स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर आपल्या फाइलमध्ये चिकटवून मागा. त्यावर कंपनी, माप, धातू आणि लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी स्क्रू काढायची वेळ आली तर कोणत्या तोंडाचा पेचकस लागणार हे त्यावरूनच कळतं. एमआरआय करायची वेळ आली की तंत्रज्ञाला तेच दाखवायचं.

घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे कच्चं प्लास्टर असतं आणि पाय टेकवायचा नसतो. पाय उंच म्हणजे छातीपेक्षा उंच. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय उंच होत नाही. आडवं पडून पोटरीखाली दोन उशा घ्या, टाच मोकळी राहू द्या. बोटं दर काही तासांनी हलवा. ती निळसर, थंडगार पडली, गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला, पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा पट्टी ओली होऊन वास येऊ लागला, तर सकाळची वाट बघू नका. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं, तर थेट इमर्जन्सी गाठा.

पायाच्या बाहेरच्या कडेवर थोडा बधिरपणा मात्र बऱ्याच जणांना येतो. छेदाजवळून एक संवेदनेची नस जाते, ती ताणली गेलेली असते. बहुधा तो हळूहळू कमी होतो.

कुबड्यांची उंची मोजून घ्या. काखेत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, मूठ मनगटाच्या रेषेवर यायला हवी, कोपर किंचित वाकलेला हवा. भार तळहातांवर. काखेवर लोंबकळलात तर हाताला मुंग्या येतील. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, तिथे पडून दुसरा पाय मोडण्याची भीती खरी आहे. चढताना आधी चांगला पाय, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. कठडा नसेल तर लाज न बाळगता बसून, एकेक पायरी सरकत उतरा. खाली बसण्याचा संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. आंघोळीला प्लास्टिकच्या दोन पिशव्या, दोन्हींना वेगवेगळी चिकटपट्टी, आणि पाय तरीही बादलीबाहेर. खाज सुटली म्हणून आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नका.

टाके बाराव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. त्यानंतर वॉकर बूट (काढता-घालता येणारा कडक, उंच बूट) आणि हळूहळू वजन. कोणाला दोन आठवड्यांनी टेकवायला सांगतात, कोणाला सहा. ते हाडाच्या प्रतीवर, भेगेच्या जागेवर आणि स्क्रूने किती पकड घेतली यावर ठरतं, म्हणून शेजाऱ्याच्या तारखेशी आपली तारीख जुळवू नका. पहिल्या वेळी घरच्या वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून दाबा आणि काटा बघा. डॉक्टरांनी वीस किलो सांगितलं असेल तर वीस किलो म्हणजे किती जोर, हे पायाला असंच कळतं. उजवा पाय असेल तर या काळात कार आणि मोटरसायकल दोन्ही बंद, ब्रेक त्याच पायाचा असतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते सहाव्या ते दहाव्या आठवड्यात. दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते आणि माणूस बूट काढून नेहमीच्या चपला घालतो. पण दुखणं थांबलंय ते स्क्रूने हाड धरून ठेवल्यामुळे. हाड जुळल्याचा पुरावा फोटोत शोधायचा: हाडाच्या चार बाजूंपैकी निदान तीन बाजूंनी भेग भरलेली दिसली पाहिजे. फोटोबद्दल शंका राहिली तर सीटी स्कॅन. त्याआधी धावणं नाही, उड्या नाहीत. त्यानंतरही आधी कडक तळाचे बूट घालून भरभर चालणं, मग मऊ मैदानावर हळू धावणं, मग दिशा बदलणं, असा क्रम ठेवा.

हाड पुन्हा मोडण्याचं एक कारण हाडाच्या बाहेर असतं. आरशासमोर अनवाणी, सरळ उभे राहा. समोरून बघताना घोट्याच्या आतल्या बाजूने टाचेचा तुकडा डोकावत असेल, तर टाच आत वळलेली आणि कमान उंच आहे, म्हणजे प्रत्येक पाऊल बाहेरच्या कडेवर पडतंय. अशा पायात कितीही चांगला स्क्रू बसवला तरी हाड त्याच जागी थकत राहतं. बुटात बाहेरच्या बाजूला उंचवटा असलेली गादी बनवून घ्या आणि ही गोष्ट ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. वळण फार असेल तर टाचेचं हाडही सरळ करावं लागतं.

स्क्रू काढायची घाई नको. हाड जुळल्यावरही तो बहुधा आत ठेवतात, आणि खेळणाऱ्यांनी तर ठेवावाच, कारण तो काढल्यावर हाड पुन्हा मोडलेलं आढळलंय. डोकं बुटाला टोचत असेल किंवा शेजारच्या हाडावर घासत असेल, तर काढण्याचा विचार करायचा, तोही पक्कं जुळल्यानंतर.

नवरात्रात पाय मोडला आणि लगेच स्क्रू बसला, तर उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, साधारण तीन महिन्यांवर येतं. तोवर फोटोत हाड भरलं असेल तर गच्चीवर जायला हरकत नाही, बूट घालून आणि एका जागी उभं राहून. कापलेल्या पतंगामागे गच्चीचा कठडा ओलांडून उडी मारायची नाही. फोटो काढायचा राहिला असेल, तर 14 जानेवारीच्या आधी काढून घ्या.