सहावी ते आठवीच्या मुलांकडून शाब्दिक उदाहरणांचा सराव कसा करून घ्यावा

“सर, यात गुणायचं की भागायचं?” कळव्यात संध्याकाळी सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. विचारणाऱ्याचे पाढे पाठ असतात, भागाकारही बिनचूक असतो. तरीही तीन ओळींचे शाब्दिक उदाहरण समोर आले की त्याचे पेन थांबते, कारण सांगितलेल्या रीतीने आकडेमोड करण्याचा सराव त्याला भरपूर असतो आणि रीत स्वतः शोधण्याचा मात्र जवळजवळ नसतो. प्रकरणाचे नावच ‘मसावि-लसावि’ असेल, तर त्याखालच्या सरावसंचात शोधण्यासारखे फारसे काही उरतही नाही.

म्हणून घरच्या सरावासाठी एका प्रकरणातील वीस उदाहरणे देण्याऐवजी तीन वेगवेगळ्या प्रकरणांतून एकेक उदाहरण निवडावे आणि ते कोणत्या प्रकरणातील आहे हे मुलाला सांगू नये. आठवड्यातून चार दिवस, रोज सुमारे चाळीस मिनिटे एवढा वेळ पुरेसा होतो. यासाठी एक वेगळी शंभर पानी वही ठेवावी आणि तिच्यात खोडरबर वापरू देऊ नये. चुकलेली वाट पुढे उपयोगी पडते.

पहिली पायरी म्हणजे पुस्तक मिटून उदाहरण सांगणे. मुलाने ते दोनदा वाचावे, पुस्तक पालथे ठेवावे आणि काय दिले आहे व काय विचारले आहे ते आपल्या शब्दांत सांगावे. आकडे विसरले तरी चालतील, गोष्ट मात्र नीट सांगता आली पाहिजे. या पायरीवर घाई करू नये, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात. ‘एकूण’ शब्द दिसला की बेरीज आणि ‘उरले’ दिसला की वजाबाकी, अशी खूणगाठ मुलांनी बांधलेली असते. ‘पुस्तकाची 45 पाने वाचल्यावर 75 पाने उरली, तर पुस्तकाची पाने किती?’ या प्रश्नात ‘उरली’ हा शब्द आहे आणि करायची मात्र बेरीज आहे. अशी दोन-चार उदाहरणे मुद्दाम द्यावीत, म्हणजे ही खूणगाठ आपोआप सैल होते.

त्यानंतर अदमास घ्यावा. सोसायटीची टाकी सारख्याच 3 नळांनी 8 तासांत भरते, तर 4 नळांनी किती तासांत भरेल? सातवीतील बरीच मुले त्रैराशिक मांडून 32 ला 3 ने भागतात आणि पावणेअकराच्या आसपासचे उत्तर लिहून मोकळी होतात. आकडेमोडीपूर्वी एवढेच विचारावे: नळ वाढले, मग वेळ वाढेल की कमी होईल? ‘कमी होईल’ असे मूल स्वतः म्हणाले की उत्तर 8 पेक्षा लहान यायला हवे हे त्याला कळते. एका नळाला 24 तास लागतील, म्हणून चार नळांना 6 तास, हे व्यस्तप्रमाण मग त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरी पायरी चित्राची आहे आणि माझ्या मते सर्वांत अधिक वेळ तिलाच द्यावा. मागच्या महिन्यात सहावीतील एका मुलीला मी हे उदाहरण दिले होते: ठाणे स्थानकातून दोन मार्गांवरच्या बस सकाळी 7 वाजता एकदम सुटतात, पहिल्या मार्गावर दर 12 मिनिटांनी बस आहे, दुसऱ्यावर दर 18 मिनिटांनी, तर पुन्हा दोन्ही बस एकदम किती वाजता सुटतील? तिने 12 आणि 18 मिळवून साडेसात असे उत्तर दिले. मी चूक की बरोबर काहीच सांगितले नाही, फक्त दोन आडव्या रेघा काढायला लावल्या. वरच्या रेघेवर तिने 7.00, 7.12, 7.24, 7.36 असे लिहिले, खालच्या रेघेवर 7.00, 7.18, 7.36 असे लिहिले, आणि साडेसातला दोन्हींपैकी एकही बस नाही हे पाहून ती स्वतःच थबकली. “म्हणजे हा लसावि आहे!” हे वाक्य तिचे होते. लगेच मी पुढचा प्रश्न विचारला: 7 पासून 10 पर्यंत अशी वेळ एकूण कितीदा येईल? 180 ला 36 ने भागून 5 येतात, पण रेघेवर मोजले तर 7.00, 7.36, 8.12, 8.48, 9.24 आणि 10.00 अशा सहा वेळा मिळतात. सुरुवातीची वेळ मोजायची राहून जाण्याची ही चूक आठवीपर्यंत सुटत नाही, आणि ती चित्राइतकी स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही.

अपूर्णांकांसाठी रेघेऐवजी पट्टी काढावी. एकीने जवळच्या पैशांपैकी दोन पंचमांश वह्यांवर खर्च केले, उरलेल्यांपैकी एक तृतीयांश पेनांवर, आणि 80 रुपये शिल्लक राहिले. पट्टीचे पाच सारखे भाग करावेत आणि दोन रंगवावेत. उरलेल्या तीनपैकी आणखी एक रंगवावा. राहिलेले दोन भाग म्हणजे 80 रुपये, एक भाग 40 रुपये, तर पूर्ण पट्टी 200 रुपयांची. सहावीतील मुलाला यासाठी ‘x मानू’ची गरज पडत नाही, आणि पुढे समीकरण शिकताना त्या x चा अर्थ त्याला आधीच माहीत असतो.

आकडेमोडीबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे: प्रत्येक पायरीसमोर एकक लिहावे आणि कच्चे काम त्याच पानाच्या उजव्या बाजूला करावे.

उत्तर आल्यावर मागे वळून पाहावे. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या (1887–1985) यांनी उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या घरी हा चौथा टप्पा सर्रास गाळला जातो. ताळा पाहावा, अदमासाशी उत्तर जुळवावे आणि आकडे बदलून पाहावे. जांभळी नाक्यावरच्या दुकानात 500 रुपयांच्या छत्रीची किंमत शेकडा 20 ने वाढवली आणि मग शेकडा 20 ने कमी केली, तर ती पुन्हा 500 होईल असे बहुतेक मुले खात्रीने सांगतात. किंमत आधी 600 आणि मग 480 होते. इथे थांबू नये. 500 ऐवजी 1000 घेतले तर काय होईल, आधी सूट देऊन मग वाढ केली तर काय होईल, हे मुलालाच करून पाहू द्यावे.

मूल अडले तर पालकांनी रीत सांगू नये. ‘काय विचारले आहे?’, ‘चित्र काढलेस का?’, ‘लहान आकडे घेऊन बघ’ एवढेच म्हणावे आणि किमान दहा मिनिटे थांबावे. ती शांतता आपल्याला सोसत नाही हे मला ठाऊक आहे, पण विचार तेव्हाच चाललेला असतो. शेवटी उत्तर दाखवावेच लागले, तर तीन दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा सोडवून घ्यावे.

आठवड्यातून एकदा मुलाने स्वतः उदाहरण तयार करावे. ठाण्याच्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, ते अंतर सुमारे 34 किलोमीटर आहे; आजची धीमी लोकल ते साधारण तासाभरात कापते. म्हणजे सरासरी वेग ताशी 34 किलोमीटर. मग दारातून पाहताना गाडी त्याहून कितीतरी जोरात धावते असे का वाटते? स्थानकांवरच्या थांब्यांचा वेळ धरून मुले यावर फार सुंदर उदाहरणे रचतात.

वेळ लावून सोडवण्याचा सराव मात्र सर्वांत शेवटी, परीक्षेच्या महिनाभर आधी सुरू करावा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्नांना 90 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. तोपर्यंत घड्याळ दुसऱ्या खोलीत असलेले बरे.