उजवीकडे वळणारी बोट

नातवाची रिमोटची हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्यावरून घसरत पळणारी बोट, पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं, हिची फिन, म्हणजे खाली पाण्यात उतरणारी उभी पट्टी, चुकीच्या बाजूला बसवली आहे. आदल्याच दिवशी आम्ही अमेरिकेत सिएटलजवळच्या केंटचं हायड्रोप्लेन म्युझियम बघून आलो होतो आणि तिथल्या मोठ्या बोटींची फिन डाव्या स्पॉन्सनला, म्हणजे पुढे बाजूला काढलेल्या पायासारख्या भागाला, होती. याच्या बोटीची उजव्या. मी ॲलन की काढून बसलोसुद्धा. तेवढ्यात तो म्हणाला, "आबा, थांब! मॉडेल उजवीकडे वळतं. मोठ्या बोटी डावीकडे." खरंच तसं आहे. मोठ्या शर्यतीत घड्याळाच्या उलट फेऱ्या मारतात, इथल्या मॉडेलच्या शर्यतीत घड्याळाप्रमाणे. पस्तीस वर्षं पिंपरीत टूलरूमला फिटर होतो, पण ड्रॉइंग न बघता पाना उचलायचा नाही हे मला नऊ वर्षांच्या पोरानं सांगितलं.

उन्हाळाभर लेकीकडे असतो, तेव्हा ही बोट आता माझ्याकडेच असते. सरळ पळवणं सोपं आहे, रडवते ती वळणावर. म्हणून फक्त वळणाचंच लिहितो.

वेगात असताना ही बोट पाण्यात नसतेच, पाण्यावर असते. पुढे दोन स्पॉन्सन टेकतात आणि मागे प्रॉप, म्हणजे बोट ढकलणारा पंखा, तोही अर्धा पाण्याबाहेर. याच पद्धतीच्या स्लो-मो-शुन ४ नं २६ जून १९५० ला इथल्याच लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैल, म्हणजे २५८ किलोमीटर गाठले होते. वेगासाठी झकास, पण अशा बोटीला पाण्यात पकड कुठली? शेवाळलेल्या फरशीवर चप्पल घालून वळायला जावं तसं होतं. नातवाचं म्हणणं, रडर (मागचं सुकाणू) अजून वळवू. रडर जास्त वळवला की बोट वळत नाही, नुसती आडवी होते. रडर फक्त नाक फिरवतो. बोटीला वळणात धरून ठेवते ती फिन, खुंटीनं वासराला धरावं तशी. त्यामुळे आधी फिन, रडर सगळ्यात शेवटी.

बॅटरी काढा. जोडलेल्या बॅटरीवर प्रॉपजवळ हात घालायचा नाही, रिमोट बंद असला तरी. फिनची धारही हाताचं बोट कापते, तिच्यावर उभी चिरलेली रबरी नळी चढवून ठेवा.

बोट टॉवेलवर उलटी ठेवा. नाकाच्या मध्यापासून ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, मध्यापर्यंत दोरा ताणून चिकटवा. माप या दोऱ्यापासून घ्यायचं, बोटीच्या कडेपासून नाही, कारण कडा समांतर असतीलच असं नाही. फिनच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर आणि मागच्या कडेपासूनचं अंतर तंतोतंत एक आलं पाहिजे. आमच्या बोटीत ६० मिलीमीटर रुंदीच्या फिनला एक मिलीमीटरचा फरक निघाला. तेवढ्यानं बोट सरळ रेषेतही एका बाजूला ओढायची आणि पोरगं रिमोटच्या ट्रिमशी (दिशा जुळवायच्या बटणाशी) झटापट करत बसायचं. फिन धरणाऱ्या ब्रॅकेटचा पाया १८ मिलीमीटर, म्हणजे त्याच प्रमाणात तिथे ०.३ मिलीमीटरची शिम, खाली घालायची पातळ पट्टी, हवी. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ चा असतो. कात्रीनं तीन पट्ट्या कापल्या, कडांची बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) कानशीनं काढली, एका टोकाच्या स्क्रूखाली सरकवल्या. पुन्हा माप घेतलं, फरक गेला. लेकीनं विचारलं, कॅन का फाडला. तिला दोरा दाखवला.

आता फिनचा उभा कोन. उजव्या वळणात बोट बाहेर, म्हणजे डावीकडे कलंडू बघते आणि उजवा स्पॉन्सन उचलतो. फिनचं खालचं टोक जरासं आत, बोटीच्या मध्याकडे वळलेलं असेल तर पाणी तिला उजवीकडे आणि खाली असं दोन्हीकडे दाबतं आणि स्पॉन्सन बसून राहतो. टोक बाहेर झुकलं असेल तर तेच पाणी स्पॉन्सनला वर ढकलतं. अशी बोट वळणात उलटणारच. गुण्या लावून बघा, डोळ्यावर जाऊ नका.

पुढची कड धारदार हवी, दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत. धार बोथट असली, तिला खाच असली किंवा गवताची काडी अडकली, की फिनच्या अंगानं हवा खाली शिरते, पकड एकदम सुटते आणि बोट टुणटुण उड्या मारत बाहेर जाते. मी बारीक कानस आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून वापरतो.

मग तोल. बॅटरी परत आत ठेवा, वायर न जोडता. स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून ट्रान्समपर्यंतचं अंतर मोजा. पुढून त्याच्या पाव ते एक तृतीयांश भागात कुठेतरी बोट दोन बोटांवर सपाट तोलली पाहिजे. आमच्याकडे हे अंतर ४०० मिलीमीटर आहे, बॅटरी सरकवत तोल ११० वर आणला आणि तिथे वेल्क्रोवर मार्करनं रेघ मारली. रेघ नसेल तर प्रत्येक बॅटरीला बोट वेगळी वागते आणि दोष फिनला जातो.

रडरचं थोडक्यात. रडर फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरच्या जोडणीत प्ले (ढिलेपणा) नको, पाते हातानं हलवून बघा. सुरुवातीला रडर अगदी उभा लावा. वळताना नाक पाण्यात घुसत असेल तर रडरचं खालचं टोक केसभर पुढे घ्या. वळणात तो मागचा भाग खाली ओढतो आणि नाक हलकं होतं. शेपूट फार बसत असेल तर उलट करा. रडर २५-३० अंशांपलीकडे वळू देऊ नका, रिमोटमध्ये मर्यादा घालता येते.

तळ्यावर पहिल्या चार फेऱ्या अर्ध्या वेगात. वळणाआधी थ्रॉटल (वेगाचा खटका) थोडा सोडा, फिन बसू द्या, मग वळवा आणि वळून होईपर्यंत थ्रॉटल स्थिर ठेवा. घाबरून मध्येच पूर्ण सोडला की नाक खाली जातं आणि डावा स्पॉन्सन पाण्यात अडकून बोट पालथी पडते. आमची तीनदा पडली. एकदा तर वारा नेईल तिकडे जात राहिली आणि मी काठावर चप्पल काढून उभा.

बोट नीट धरत नसेल तर फिन दोन मिलीमीटर खोल घ्या. नाक फार आत खुपसून शेपूट फिरत असेल तर फिन ब्रॅकेटच्या मागच्या भोकात न्या. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. आमच्या वहीत नातवाच्या अक्षरात शेवटची ओळ आहे: "फिन २ मि. खाली. आबा ओरडला नाही."