पहिला पाळीव साप घेताय? या चुका टाळा

"ताई, सगळ्यांत गरीब साप कोणता?" ओहायोतल्या कोलंबसला राहायला आल्यापासून गेली अकरा वर्षं मी साप पाळते, आणि दर गणपतीत मंडळात कुणीतरी मला गाठून हेच विचारतं. जातींची नावं दोन मिनिटांत सांगून होतात: कॉर्न स्नेक नाहीतर बॉल पायथन. दोघेही बिनविषारी. अंगापिंडाने आटोपशीर, साधारण तीन ते पाच फूट. इथे सहज मिळतात. पण नुसती जात विचारून लोक खरेदीला जातात आणि चार महिन्यांनी मला फोन येतो. साप गरीब निघणं जातीवर अर्धंच ठरतं. तो कुठे जन्मला, खातो का, आणि तुम्ही पहिले दोन महिने हात आवरता का, यावर उरलेलं अर्धं.

भारतात राहणाऱ्यांनी इथेच थांबावं. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग तो कितीही गरीब असो. मी लिहिते आहे ते इथल्या, अमेरिकेतल्या घरांसाठी.

निपचित पडलाय म्हणजे गरीब आहे, हा समज

माझ्या मते सगळ्यांत जास्त सापांचे हाल या एका चुकीने होतात. दुकानात बॉल पायथन गोळा होऊन बसलेला असतो, डोकं वेटोळ्यात खुपसलेलं. बघणारा म्हणतो, "किती शहाणा आहे!" अहो, त्याचं नावच त्या गोळ्यावरून पडलंय आणि तो गोळा होतो तो भीतीने. शेजारच्या डब्यातलं कॉर्न स्नेकचं पिल्लू शेपूट थरथरवतं, झेप घेतं, म्हणून ते "रागीट" ठरतं. वास्तविक बोटाएवढ्या जाडीचं ते पिल्लू चावलं तरी धड ओरखडाही उठत नाही, आणि नीट सांभाळलं तर बहुतेक पिल्लं वर्षभरात निवळतात.

आमच्या ओळखीच्या एका घरात असाच एक बॉल पायथन आला. दादांनी तो फक्त "शांत" म्हणून निवडला होता. खातो का, हे विचारलंच नाही. टाकी ठेवली दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी. चारी बाजूंनी काच, आत लपायला एक प्लॅस्टिकचं झाड. साप पाच महिने जेवला नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी जिवंत उंदीर रात्रभर आत सोडला. सकाळी उंदीर ठणठणीत, आणि सापाच्या पाठीवर कुरतडलेल्या तीन जखमा. एकीत खालचं मांस दिसत होतं.

पशुवैद्याकडून टाके घालून तो माझ्याकडे आला तेव्हा कणा वर आला होता. अंग गोल असायला हवं, ते कौलासारखं दोन्हीकडे उतरतं झालं होतं. मी काहीही विशेष केलं नाही. अपारदर्शक डबा, खाली साधा कागद, अंगाला घट्ट बसतील अशा दोन लपणी, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. उबदार बाजू ८९ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३२ सेल्सिअस. डब्यावर टॉवेल. जखमेला औषध लावायचं आणि पाणी बदलायचं, एवढ्यापुरताच हात आत जाई. तीन आठवड्यांनी रात्री दिवे मालवून, फ्रीझरमधला मेलेला उंदीर पूर्ण वितळवून, चिमट्यात धरून लपणीच्या तोंडाशी नेला. उंदराचं डोकं हेअर ड्रायरने जरा गरम करून घेतलं होतं, कारण बॉल पायथनच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते. पहिल्या तीन वेळा त्याने तोंड फिरवलं. चौथ्या वेळी जीभ दोनदा लवलवली, मान हळूच इंग्रजी एससारखी मागे गेली, आणि झडप. मी चिमटा तसाच धरून अर्धा तास जमिनीवर बसून राहिले. रडू येत होतं मला.

म्हणून माझा नियम: खाताना दाखवल्याशिवाय, निदान खाण्याच्या तारखा लिहून दिल्याशिवाय साप घ्यायचा नाही. आणि विकणाऱ्याला सरळ विचारायचं, कॅप्टिव्ह ब्रेड की कॅप्टिव्ह हॅच्ड? ऐकायला सारखं वाटतं. पहिला म्हणजे पाळलेल्या आईबापांचा. दुसऱ्यात आफ्रिकेच्या रानातून गाभण मादी किंवा अंडी आणून पिल्लं काढलेली असतात. घाना, टोगो, बेनिन इथून अशी पिल्लं वर्षानुवर्षं येताहेत. त्यांच्यात जंत जास्त आणि खाण्याचे नखरे जास्त. नवख्याने त्यात पडू नये.

हातात घेतल्यावर मी बघते ते असं: त्याने अंगाने हलकी पकड घ्यायला हवी, जीभ चालू हवी. लोंबकळणारा साप गरीब नसतो, आजारी असतो. तोंडाशी बुडबुडे किंवा श्वासात घरघर नको. डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली काळे ठिपके हलताना दिसले तर त्या माइट्स, म्हणजे सापाच्या उवा. परत ठेवल्यावर स्वतःचा तळवाही बघा.

रंगावर भाळू नका, हेही इथेच सांगते. बॉल पायथनच्या स्पायडर नावाच्या मॉर्फला, म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकाराला, जनुकातूनच मान डुगडुगण्याचा दोष येतो. नक्षी सुंदर असते, पण मी तो घेत नाही आणि कुणाला घेऊही देत नाही.

आणल्या दिवशीच हातात

घरी आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. मी तर दोन-तीन जेवणं नीट होईपर्यंत थांबते. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, विशेषतः ज्यांनी मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून साप कबूल केलेला असतो. ज्याला एवढाही धीर नाही त्याने साप घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्याकडूनही हात लावायची अशी घाई एकदा झालीय, तीही जेवणानंतर. पहिलंच कॉर्न स्नेक, चार महिन्यांचं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने पिंकी, म्हणजे उंदराचं बिनकेसाचं पिल्लू, खाल्लं. शनिवारी पाहुणे आले, मुलांनी हट्ट धरला, मी काढून दिलं. या हातातून त्या हातात असं वीसेक मिनिटं फिरलं. रविवारी पहाटे त्या खोलीचं दार उघडलं आणि वास आला, आंबट, सडका, घशाला लागणारा. भुशावर अर्धवट पचलेली पिंकी पडली होती, राखाडी, चिकट. पिल्लू पाण्याच्या वाटीमागे दोरीसारखं पडलेलं. उलटीत पोटातलं आम्लही जातं आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. लागोपाठ दोन-तीनदा झालं तर पिल्लू दगावतं. मी चौदा दिवस उपाशी ठेवलं, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा घास दिला. वाचलं. आज ती साडेचार फुटांची आहे.

जेवणानंतर ४८ तास हात नाही. डोळे निळसर-दुधी झाले की कात येईपर्यंत हात नाही. घास सापाच्या सगळ्यांत जाड भागाएवढा. पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी.

थर्मोस्टॅटमध्ये काटकसर

हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई, घेतात; तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट "पुढच्या महिन्यात". तो पुढचा महिना येण्याआधी पोटावर भाजल्याचे लाल चट्टे येतात, कारण पोटाखालून भाजत असलं तरी साप वेळेवर बाजूला सरकेलच असं नाही. काचेला हात लावून "कोमटच आहे" म्हणू नका. मी थर्मोस्टॅट आधी घेते, रिकामी पेटी दोन दिवस चालवते, आकडे स्थिर झाले की मगच साप. गरम होणारे दगड तर विकतच आणू नका.

बाकीचं थोडक्यात.

झाकणाला क्लिप हवीच. डोकं मावलं की कॉर्न स्नेक बाहेर. हरवलाच तर आधी फ्रिजमागे बघा.

देवदाराचा भुसा विषारी. कॉर्न स्नेकला ॲस्पेन लाकडाचा चालतो.

एका पेटीत दोन साप नाहीत. सोबत लागते ती आपल्याला, त्यांना नाही.

इथल्या हिवाळ्यात हीटर हवा कोरडी करतो आणि कात तुकड्यांत अडकते. ओलं शेवाळ घातलेला डबा आत ठेवा. डोळ्यावरची कात नखाने काढू नका.

हात धुवा, सापाकडून साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप नको.

कायदा राज्यागणिक बदलतो. हवाईत साप पाळायलाच बंदी, आणि कॉर्न स्नेक जॉर्जियातला देशी साप असल्याने तिथे ठेवता येत नाही.

दूध नाही. माझ्या सासूबाई सांगलीच्या, शिराळ्याची नागपंचमी लहानपणापासून बघितलेल्या. इथे आल्या तेव्हा वाटी घेऊन पेटीपाशी उभ्या राहिल्या. साप दूध पचवू शकत नाही हे मी सांगितलं, त्यांना पटायला दोन दिवस गेले. आता नागपंचमीला फोन करतात तेव्हा आधी विचारतात, "तिचं पाणी बदललंस का?"

आणि आयुष्य. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन तीस. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली, वयाच्या साठीनंतर, सात अंडी घातली. त्या संग्रहालयात ती १९६१ साली आली होती. मुलगा आठवीत असताना साप घेणाऱ्या आईबाबांना मी एवढंच विचारते, तो कॉलेजला गेल्यावर फ्रीझरमधले उंदीर कोण वितळवणार? उत्तर "मी" असं आलं, तर पुढच्या शनिवारी एक्स्पोला, म्हणजे सापांच्या विक्री-प्रदर्शनाला, मी सोबत येते.